पिळलेलं रबर

रविवार, रात्री साडेदहा

नखांतलं काळं अजून निघालेलं नाही, साबण दोनदा लावून झाला. पण डाव्या चाकाचा आवाज गेला, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतोय.

आवाज दोन महिने होता. ब्रेक दाबला की एक ठक्, गाडी पुन्हा पुढे निघाली की दुसरा ठक्. आधी लिंक रॉडवर (सस्पेन्शनमधला एक बारीक दांडा) संशय घेतला, तो बदलला, आवाज जिथल्या तिथे. शेवटी शुक्रवारी गाडी घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घेतली, लोअर आर्म, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणारा खालचा दांडा, आणि फ्रेमच्या मध्ये टॉमी (लोखंडी कांब) घालून उचकलं, तेव्हा मागच्या बुशमध्ये, म्हणजे आर्म फ्रेमला जोडतो तिथल्या रबरी नळकांड्यात, आर्म चक्क इकडून तिकडे डुलला. पुढच्या बुशलाही भेगा होत्या.

खटकलं ते हे की हे बुश मीच बसवलेले. दोन वर्षंही झाली नव्हती. मनात लगेच आलं, माल हलका मिळाला. हे म्हणणं नेहमी सोपं पडतं.

बोल्टनी शनिवारची अख्खी दुपार खाल्ली. गंज सोडवणारं तेल शुक्रवारी रात्रीच मारून ठेवलं होतं, तरी मागचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत असा धरून बसला होता की पान्याला हातभर पाइप लावावा लागला. बॉल जॉइंट, आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, मात्र शहाणा निघाला. तो ज्या खोबणीत बसतो तिच्या बाजूवर हातोड्याचे दोन टोले, आणि सुटला.

आर्म व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात धरला. बुश दाबून काढायचं प्रेस नाही, म्हणून नेहमीची युक्ती: एका बाजूला बुशपेक्षा जरा लहान सॉकेट, ते ढकलणार, दुसऱ्या बाजूला मोठं, त्यात बुश उतरणार. व्हाइस आवळत गेलो तर रबर आणि आतली नळी तेवढी बाहेर आली. बाहेरचं लोखंडी कवच आर्मलाच चिकटून. मग हॅकसॉचं पातं सोडवलं, भोकातून ओवून पुन्हा लावलं आणि कवचाला आतून एक चीर पाडली. इथे घाई केली तर पातं आर्मच्या भोकाला चरा पाडतं, मग नवा बुश कधीच घट्ट बसत नाही. शेवटचा अर्धा मिलिमीटर पात्याने नाही, छिन्नीने तोडला.

रबर हातात घेऊन उजेडात धरलं आणि माल हलका हे मनातलं म्हणणं तिथेच गळून पडलं. फाटलेल्या रेघा सरळ नव्हत्या, ओला टॉवेल पिळावा तशा तिरक्या, सगळ्या एकाच दिशेला. हा बुश बिजागरीसारखा फिरत नाही. रबर आतल्या नळीला चिकटलेलं, बाहेरच्या कवचालाही चिकटलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी फ्रेमला जखडते. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळतं आणि उलगडतं. मागच्या वेळी मी चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले होते. म्हणजे गाडी खाली टेकली त्या क्षणापासून रबर पिळलेलंच, उभ्या गाडीतसुद्धा. खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. बिचारं टिकलं तेच खूप.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. धाकटीने सकाळी बर्फ काढताना पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाबा, हे खायचं आहे का?’’ खरं तर याने फार काही साधत नाही. 45 मिमी व्यासाचं पोलादी कवच 40 अंशांनी थंड केलं तरी जेमतेम 0.02 मिमी आकसतं. पण आत सरकताना तेवढंही हाताला कळतं असं आपलं माझं मत. मागच्या बुशला रबरात अर्धचंद्रासारख्या पोकळ्या असतात. त्या कुठे तोंड करून होत्या याची खूण जुना काढण्याआधीच आर्मवर पंच मारून केली होती. कडेला साबणाचं पाणी लावलं. ग्रीस नाही, खनिज तेलाने असलं रबर फुगतं.

या वेळी बोल्ट नुसते हाताने लागतील तेवढेच लावले. चाक चढवलं, पुढची चाकं रॅम्पवर घेतली, बॉनेट चार-पाच वेळा दाबून गाडीला तिच्या उंचीला बसू दिलं. मग खाली शिरून, सगळं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचने (ठरलेला जोर लागला की कट् वाजणारा पाना) शेवटचं आवळलं. छातीवर मातीची ढेकळं पडत होती आणि रेंचचा कट् आवाज भलताच गोड वाटला.

संध्याकाळी एक फेरी मारली. ब्रेक दाबला, काही नाही. पुन्हा दाबला. मागच्या सीटवरून धाकटी म्हणाली, ‘‘बाबा, आपण सारखे का थांबतोय?’’

उजवी बाजू राहिली आहे. तीही मीच बसवलेली, त्याच दिवशी, तशीच लोंबकळत्या चाकावर. पुढच्या शनिवारी. व्हील अलाइनमेंट त्यानंतरच. आणि हॅकसॉची दोन नवी पाती आणायची आहेत, आजचं दात घालवून बसलंय.