फुटाण्याचं बोट आणि दुधाची पिशवी

चूक माझीच. रात्री नऊच्या सुमारास भिजून आलो, गाडी जिन्याखाली घेतली आणि डबल स्टँडला लावायला मागे खेचली. फुटाण्या नेहमीसारखा पायांत घोटाळत होता. स्टँड फरशीवर टेकलं आणि तो असा काही केकाटला की वरच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. डावा पुढचा पंजा वर धरून तीन पायांवर तो थेट न्हाणीत जाऊन बसला.

फुटाण्या म्हणजे चार महिन्यांचं गावठी पिल्लू. वजन साडेपाच किलो, आणि एका जागी बसणं त्याला ठाऊकच नाही. त्या रात्री मात्र हलेना. पंजा बघायला गेलो तर मलाच चावला. कातडी फुटली नाही एवढं नशीब. शेवटी आईने त्याला टॉवेलात गुंडाळून डोकं काखेत धरलं आणि मी मोबाइलच्या उजेडात पाहिलं. मधल्या दोन बोटांपैकी आतलं बोट टम्म सुजलं होतं आणि नख एका बाजूला कललं होतं. रक्त नव्हतं.

कोपऱ्यावरचं मेडिकल अजून उघडं होतं. तिथला माणूस म्हणाला, "लहान मुलांचं दुखण्याचं सिरप द्या की, पाच किलोचंच हाय न्हवं?" हिशेब पटण्यासारखा होता, मी बाटली घेऊनही आलो. झाकण उघडायच्या आधी डॉक्टर मॅडमना फोन लावला, एवढंच काय ते शहाणपण. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. अशा काही सिरपांत असणाऱ्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलसुद्धा आपल्या मनाने द्यायचं नाही. बोट ओढून बघायचं नाही, चोळायचं नाही. "एका जागी ठेवा आणि सकाळी घेऊन या."

सकाळी एक्स-रे काढला, तोही दोन्ही पंजांचा. दुखऱ्या पंजाशेजारी चांगला पंजा ठेवून बघायचा म्हणून. पडद्यावर चित्र आल्या आल्या मी बोटाच्या मुळाजवळच्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं मोडलंय."

मॅडम हसल्या. "मग उजव्या पंजाचंही मोडलंय का? सगळ्या बोटांना ती रेघ आहे बघा."

ती हाड वाढण्याची जागा होती. पिल्लांच्या हाडात तिथे अजून कूर्चा असते म्हणून एक्स-रेत काळी दिसते, मोठं होता होता भरून येते. खरं फ्रॅक्चर त्याच बोटाच्या हाडात जरा पुढे होतं. केसासारखी तिरकी रेघ, मला दाखवूनही चटकन दिसेना. हाड फारसं सरकलं नव्हतं. कुत्र्याचं वजन मुख्यतः मधल्या दोन बोटांवर पडतं. ती दोन्ही मोडली असती तर ऑपरेशनचा विचार करावा लागला असता. एकच मोडलं असल्याने शेजारची बोटंच त्याला आधार देणार होती. बँडेज आणि विश्रांती, तीन ते चार आठवडे.

घरी येईपर्यंत शेजारच्या काकांनी हाडवैद्याचा नंबर काढून ठेवला होता, आणि मागच्या गल्लीतल्या मावशींनी कॅल्शियमची बाटली. दोघांनाही नाही म्हणताना जीव गेला. पिल्लांचं खाणं व्यवस्थित चालू असेल तर वरून कॅल्शियम नको, वाढत्या हाडांना ते उलट त्रासाचं ठरू शकतं, असं मॅडमनी बजावलं होतं. मावशी अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

मला वाटलेलं, अवघड भाग संपला. हाड जुळणं हे खरं तर पिल्लाचं काम, ते त्याने बिनबोभाट केलं. माझ्या वाट्याला बँडेज आलं होतं, आणि जुलै महिना होता.

मॅडमनी बँडेज बांधताना मी नीट पाहून घेतलं. आधी पंजाच्या दोन बाजूंना चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या, त्या नंतर वर दुमडल्या, म्हणजे बँडेज मोज्यासारखं निसटत नाही. बोटांच्या बेचक्यांत कापसाचे बोळे. मग कापसाचे वेढे, खाली आधाराची पट्टी, वर क्रेप, आणि सगळ्यात वर आपल्यालाच चिकटणारी निळी पट्टी. पुढच्या टोकाला मधली दोन नखं उघडी ठेवली. ती आमची खिडकी. दोन नखं जवळजवळ आहेत तोवर ठीक. फाकली, म्हणजे आत सूज चढतेय, बँडेज आवळलंय, लगेच यायचं. सकाळ-संध्याकाळ मी बॅटरी घेऊन ती नखं बघत बसायचो. सगळं कोल्हापूर तेव्हा पुराच्या धास्तीने पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून होतं, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. माझी पातळी त्या दोन नखांत होती.

नवव्या दिवशी घात झाला. शू करायला बाहेर नेताना बँडेज भिजू नये म्हणून मी त्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवून रबर लावायचो. आत आलं की काढायची. त्या रात्री पाऊस इतका होता की दोनदा-तीनदा उठावं लागणार हे दिसत होतं. कशाला काढ-घाल करा, म्हणून पिशवी तशीच ठेवली. सकाळी जवळ गेलो तर वास. ओल्या फडक्यासारखा, आंबूस. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन आपटत फुटाण्या बँडेज चाटायला धडपडत होता.

मॅडमनी बँडेज कापलं तेव्हा बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलवटली होती. बाहेरचं पाणी एक थेंब आत गेलं नव्हतं. सगळी ओल आतल्या घामाची. कुत्र्याच्या तळव्यांना घाम येतो हे मला तेव्हा कळलं. "फ्रॅक्चर छान चाललंय," त्या म्हणाल्या, "तुमच्या पिशवीमुळे मात्र आता जखम आहे." मान खाली घालून ऐकलं. पुढचे काही दिवस एक दिवसाआड ड्रेसिंग. एरवीही पाच-सहा दिवसांनी बदलावं लागायचंच, कारण पिल्लू वाढत होतं आणि बँडेज काही वाढत नव्हतं.

बाकी दिवस कसे काढले ते थोडक्यात. पिंजरा नव्हता, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या आडव्या टाकून आणि पाट उभे लावून त्याची कोठडी केली. खाली माझी योगाची रबरी चटई, कारण फरशीवर तो घसरायचा आणि सतरंजी त्याच्यासकट घसरायची. गळ्यातल्या कोनाला आई भोंगा म्हणायची. दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे, खाल्ल्यावर, बिनसुईच्या सिरिंजने, पाच दिवस. तिसऱ्याच दिवशी त्याचं दुखणं कमी झालं आणि आमचं वाढलं, कारण आता त्याला उड्या मारायच्या होत्या. शेवटी जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याचं खाणं लपवून ठेवायला लागलो. नाकाने हुंगून, उलगडून खायला वीस मिनिटं जायची, आणि त्यानंतर तो खराच दमून झोपायचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन चपला वाचल्या असत्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. तिरक्या रेघेभोवती धुरकट गाठ आली होती. नवं हाड. आणखी पाच दिवसांनी बँडेज कायमचं निघालं. आतला पाय बारीक, केस चपटे, आणि नखं इतकी वाढलेली की तिथेच कापावी लागली. फुटाण्याने मात्र पंजा वरच धरला. मी घाबरलो. "दुखत नाहीये, सवय लागलीय," मॅडम म्हणाल्या. आठवडाभर पट्टा लावून पाच-पाच मिनिटं सावकाश चालवायचं, मग हळूहळू वाढवायचं. पळणं, जिना, सोफा बंद.

चौथ्या दिवशी आई ताक घुसळत होती. फुटाण्या उंबऱ्यात तीन पायांवर उभा. रवीचा आवाज थांबला, वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि पठ्ठ्या चारही पायांवर आत.

"लंगडत होता ना रे हा?" आई म्हणाली.