आमची वाटचाल : टाकीपासून सुरुवात

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं वर्कशॉप आहे त्या गल्लीत सगळे हायड्रॉलिकवाले, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची कामं करणारे. कुणी व्हॉल्व्ह करतं, कुणी सिलिंडर होनिंग करून देतं. जुन्या गाड्यांचं काम करणारे तेवढे आम्हीच. बाबांनी खानापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढलं, तेव्हा काम एकच होतं, कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. फियाट आणि अँबॅसिडर. निपाणी-संकेश्वरपासून लोक 'कार्बोरेटरवाले मेस्त्री' असं विचारत यायचे. ट्यूनिंग करताना बाबा इंजिनला कान लावून बसायचे आणि त्यांचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

२००० च्या आसपास मारुती ८०० मध्येही कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन (दाबानं नोझलमधून पेट्रोल फवारणारी पद्धत) आलं आणि आमचं काम आटत गेलं. मी डिप्लोमा करून नुकताच हाताखाली आलो होतो. दोन-तीन वर्षं ओढाताणीत गेली. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, दुकान चालवणाऱ्या कुणालाही ते माहीतच असतं.

वळण लागलं ते एका मर्सिडीजमुळे. २८० ई, डब्ल्यू १२३ मॉडेल. आखातातून आणलेली आणि खानापूरकडच्या एका वाड्यात कित्येक पावसाळे उभी राहिलेली. मालक म्हणाले, "ते इंजेक्शन काढून टाका की ओ, कार्बोरेटर बसवा एकदाचा." तेव्हा सगळीकडे हेच चालायचं. चांगली युनिट्स भंगारात गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक होती, १९७३ साली आलेली पद्धत. तिला कॉम्प्युटर लागत नाही. आत येणारी हवा एक चकती उचलते, चकती प्लंजर म्हणजे आतला दट्ट्या उचलते आणि तेवढंच पेट्रोल सगळ्या नोझलना सतत जात राहतं. मला ती रचना इतकी आवडली, की मालकांकडून मी महिनाभराची मुदत मागून घेतली.

त्यातले तीन आठवडे मी चुकीच्या जागी घालवले. नोझलना पेट्रोल वाटून देणारा फ्युएल डिस्ट्रिब्युटर काढला, नोझल दोनदा धुतले. गाडी सुरू व्हायची, दहा मिनिटं छान चालायची आणि बंद पडायची. एका संध्याकाळी बाबा शेजारी येऊन उभे राहिले. एवढंच विचारलं, "टाकी उघडलास काय?"

उघडली नव्हती. उघडली तेव्हा तळाशी तांबडा गाळ आणि जाळीवर गंजाचा थर. पंप सुरुवातीला पेट्रोल ओढायचा, मग गाळ जाळीवर बसायचा आणि दाब कोसळायचा. टाकी साफ केली, नवी जाळी, नवा फिल्टर घातला. मग परतीची नळी (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) सोडवून बरणीत धरली आणि तीस सेकंद पंप चालवला. पाऊण लिटर आलं की तो पंप आणि ती लाइन ठीक. बरणी भरली, दाब मोजायच्या गेजवर पाच बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास काटा थांबला आणि गाडी वंटमुरी घाट चढून परत आली.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही इंजेक्शनचं काम टाकीपासून सुरू होतं आणि टाकीतच संपतं. संपतं, कारण पेट्रोल परत यावं लागतं. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात तासाला तीसेक लिटर पितं, पंप त्याच्या तिप्पट-चौपट देतो. उरलेलं दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून टाकीत परततं, जाताना उष्णताही घेऊन जातं. कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांच्या टाकीला परतीची वाटच नसते. कार्बोरेटरला पाव बार पुरतो, एमपीएफआयला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा नोझल असलेल्या इंजेक्शनला, साधारण तीन बार लागतात. म्हणून फियाटमध्ये इंजेक्शनचं इंजिन बसवून मागणाऱ्यांना आम्ही आधी टाकीचा खर्च सांगतो. काहीजण तिथूनच परत जातात. जाऊ देत.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, ती सांगायला हवी. अशाच एका कॉन्टेसाला इंजेक्शन केलं आणि पंप डिकीत बसवला, टाकीच्या पातळीच्या वर, कारण तिथे हात सहज पोचत होता. गावात गाडी उत्तम चालली. गोव्याला जाताना चोर्ला घाटात, टाकी पाव भरलेली असताना, प्रत्येक वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकायचं आणि पंप हवा ओढायचा. पेट्रोलच त्या पंपाचं वंगण आणि तेच त्याचं थंडावण. पंप जळाला. मालक, बायको, दोन मुलं अंधारात रस्त्याकडेला बसून होती. मी टेम्पो घेऊन गेलो तेव्हा त्या माणसानं एक शब्दही वावगा काढला नाही. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जळका पंप शेजारच्या हायड्रॉलिकवाल्या काकांना दाखवला. त्यांनी हातात फिरवला आणि म्हणाले, "पंप ढकलायला असतो बाळ, ओढायला नव्हं. त्याच्या तोंडाशी तेल आपणहून आलं पाहिजे." त्यांच्या धंद्यातली ही पहिली शिकवण आणि मी भिंतीपलीकडे राहून ती कधी विचारली नव्हती. आता पंप टाकीच्या तळाला किंवा त्याखाली, आधी जाड जाळीचा फिल्टर, पुढे दहा मायक्रॉनचा. टाकीला आत कप्पे नसतील तर मधे लिटरभराचं छोटं भांडं घालतो. वळणावर टाकी दगा देते तेव्हा पंप त्या भांड्यातून पितो. ती भांडी गल्लीतच वेल्डिंग करून मिळतात आणि दहा बारला तपासून घेतल्याशिवाय आम्ही ती गाडीत घालत नाही.

नळीच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. मीटरवर मिळणारी साधी पेट्रोल नळी इंजेक्शनला वापरत नाही, कितीही घाई असो. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. ऊस आमच्याच शिवारातला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल पाणी धरतं. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, क्लिप गोल पट्टीचे, रबर न कापणारे. पंपाला स्वतंत्र जाड वायर आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. इंजिन थांबलं की पंप थांबलाच पाहिजे. धडक बसली तर वीज तोडणारा स्विचही हवाच. हे सगळं बिलात वेगळं लिहितो, म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे कुठे गेले ते कळतं.

आज आम्ही चौघं आहोत. बाबा सकाळी तासभर येतात. सध्या पिटवर एक २३० ई मर्सिडीज आहे, चिकोडीची. काल गेज लावून इंजिन बंद केलं, अर्धा तास दाब टिकला. रात्री जायच्या आधी पंपापासून रेडिएटरपर्यंत गाडीखाली पांढरा कागद अंथरला, प्रत्येक गाडीला अंथरतो तसा. सकाळी बाबांनी वाकून कागद बघितला, मागच्या जोडाशी तांदळाएवढा डाग होता. तो जोड आता पुन्हा उघडलाय. चिकोडीच्या मालकांना फोन करून सांगितलं, आणखी दोन दिवस लागतील.