सामन्यांची वही: भारत २०२४चं पान भरून झालं

भारतीय पुरुष फुटबॉल संघाच्या २०२४च्या पानावर शेवटची ओळ लिहून झाली. ११ सामने, विजय शून्य, बरोबरी ५, पराभव ६. आपण केलेले गोल ४, आपल्यावर झालेले १५. विजयाचा रकाना अख्खं वर्ष कोरा राहिला. आधीचं पान याच्या अगदी उलटं: २०२३मध्ये १६ सामने, ८ विजय, ५ बरोबरी, ३ पराभव आणि गोल २१–१२ (केलेले–स्वीकारलेले).

माझ्या वहीचा नियम असा की पेनल्टी शूटआउटवर लागलेला निकाल बरोबरीत धरायचा. त्यामुळे २०२३चा साफ (दक्षिण आशियाई देशांचा) करंडक आपण जिंकला तरी उपांत्य सामना (लेबनॉन, ०–०) आणि अंतिम सामना (कुवेत, १–१) हे दोन्ही वहीत बरोबरीतच आहेत. नियम थोडा कोरडा आहे, पण अधिकृत नोंदही तशीच होते.

दोन्ही पानं समोरासमोर ठेवली तेव्हा वर्षाची रेघच चुकीच्या जागी पडते असं वाटायला लागलं. म्हणून पेन्सिलनं दुसरी रेघ मारली, ४ जुलै २०२३ला, म्हणजे बंगळुरूच्या त्या साफ अंतिम सामन्यानंतर. रेघेच्या वर २०२३चे ११ सामने येतात: ७ विजय, ४ बरोबरी, गोल १६–२. त्यातले पहिले आठ सामने एकही गोल न स्वीकारता, आणि हा सिलसिला मोडला तोही अन्वर अलीच्या स्वयंगोलानं, कुवेतविरुद्ध भरपाई वेळेत. रेघेच्या खाली २०२४ संपेपर्यंतचे १६ सामने: १ विजय, ६ बरोबरी, ९ पराभव, गोल ९–२५. तो एकुलता एक विजय १६ नोव्हेंबर २०२३चा, कुवेतमध्ये जाऊन मिळवलेला, मनवीर सिंगच्या गोलानं. थोडक्यात, घसरण आशियाई करंडकात सुरू झाली असं आपण म्हणतो, पण किंग्ज कप आणि मर्डेका या स्पर्धांच्या ओळी वाचल्या की ती त्याआधीच दिसते.

वरचे सगळे ११ सामने इम्फाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरूत झाले, म्हणून घरच्या मैदानाचा मुद्दा लगेच डोक्यात येतो. तो मी तपासला. रेघेखाली सहा सामने भारतातच आहेत: भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता आणि तीन वेळा हैदराबाद. सहांत तीन बरोबरी, तीन पराभव. मॉरिशसशी ०–० खेळल्यावर मैदानाचं कारण देता येत नाही.

यंदा एक नवा रकाना घातला, 'आघाडीची मिनिटं'. तो भरताना हसावं की रडावं कळेना. संपूर्ण २०२४मध्ये आपण फक्त दोन सामन्यांत आघाडीवर होतो आणि दोन्ही १–२ असे हरलो. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीची पेनल्टी ३८व्या मिनिटाला, त्यांचे गोल ७०व्या आणि ८८व्या मिनिटाला. दोह्यात कतारविरुद्ध छांगतेचा गोल ३७व्या मिनिटाला, त्यांचे ७३व्या आणि ८५व्या. दोन ओळी एकाखाली एक वाचल्या तर एकाच सामन्याची नक्कल वाटते. बेरीज केली तर वर्षभरात जेमतेम ७० मिनिटं आघाडी. अफगाणिस्तानचे बरेच नेहमीचे खेळाडू त्यांच्या महासंघावर बहिष्कार टाकून संघाबाहेर होते, हे शेऱ्यात लिहिलंय. पराभव त्यानं आणखी बोचतो.

दुसरी जोडी: ज्या तीन सामन्यांत आपल्यावर गोल झाला नाही (अफगाणिस्तान, कुवेत, मॉरिशस), त्या तिन्हींत आपणही गोल केला नाही. चार गोलांचे मानकरी चार वेगळे: छेत्री, छांगते, व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरी, मलेशियाविरुद्ध आपल्या मुंबईचा राहुल भेके. २०२३मध्ये २१पैकी ९ गोल एकट्या छेत्रीचे होते. ती जागा कोण घेणार, याचं उत्तर या पानावर नाही. प्रशिक्षक स्टिमॅक जाऊन मार्केझ आले, त्यानंतरच्या चार ओळींतही नाही.

शेऱ्यांच्या रकान्यात एक खूण मी वेगळ्या शाईनं करतो: चेंडू रेषेपार गेला की नाही यावरचे वाद. ऑक्टोबर २०२३मध्ये क्वालालंपूरला छांगतेचा फटका गोलरेषेच्या आत गेला होता, तरी गोल दिला नाही. तेव्हा ३–२चं ३–३ झालं असतं. जून २०२४मध्ये कतारच्या बरोबरीच्या गोलाआधी चेंडू अंतिम रेषेबाहेर गेला होता, तिथून आत ओढला, आणि गोल दिला. दोन्ही निर्णय आपल्याच विरुद्ध. वहीत गुण अधिकृतच लिहायचे, पण खूण पुसायची नाही, असं ठरवलंय. हिरव्या शाईची एक खूणही आहे: आशियाई करंडकातला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना योशिमी यामाशिता यांनी चालवला, पुरुषांच्या आशियाई करंडकात पंच म्हणून सामना चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

६ जूनच्या कोलकात्याच्या ओळीपुढे मी 'छेत्रीचा निरोप, १५१ सामने, ९४ गोल' असं लिहिलं होतं. मार्च २०२५मध्ये तो परतला, शिलाँगला मालदीवविरुद्ध ३–० जिंकताना त्यानं गोलही केला. शेरा तसाच ठेवलाय, पुढे फक्त बाण काढून २०२५च्या पानाकडे नेलाय. त्या दिवशी तो निरोपच होता.

आता मागे जाऊन २०२३च्या ओळींनाही आघाडीची मिनिटं भरतोय. साफपर्यंतचं सोपं आहे. त्या ११ सामन्यांत आपण पिछाडीवर होतो ते केवळ अंतिम सामन्यात, पहिल्या अर्धात काही वेळ. त्यानंतर २०२२. तुमच्यापैकी कुणी असा रकाना ठेवत असेल तर भरपाई वेळ कशी धरता तेवढं सांगा. मी सध्या ९०+२ म्हणजे ९०च धरतोय, आणि अन्वर अलीच्या त्या स्वयंगोलापाशी हिशेब तिथंच अडतो.