जेवणाच्या टेबलावर लढाई मांडणारा म्हातारा

आमचे अण्णा मिलमधल्या हौशी नाटकांत कायम सासरा नाहीतर पाटील व्हायचे, हिरोचा रोल त्यांना कधी मिळाला नाही. गल्लीतले जुने लोक अजून त्यांना पाटीलच म्हणतात. परवा उकाड्यानं झोप येईना म्हणून दोघं गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि मी १९३९ चा ‘द फोर फेदर्स’ लावला, इंग्लिश त्यांना फारसं कळत नाही, पण त्यात एक म्हातारा जनरल जेवणाच्या टेबलावर क्रिमियाची लढाई मांडतो, अक्रोड म्हणजे रशियन तोफा, वाईनची रेघ म्हणजे इंग्रजांचं पायदळ, आणि तो स्वतः कुठं उभा होता तेही दाखवतो. अण्णा सरसावून बसले. “हा कोण रे?”

हा सी. ऑब्री स्मिथ. जन्म लंडनचा, १८६३ चा. मला तो आधी क्रिकेटमुळं माहीत होता, कारण हा माणूस इंग्लंडचा कॅप्टन होता बघा! १८८९ मध्ये पोर्ट एलिझाबेथला साऊथ आफ्रिकेविरुद्ध पहिल्या डावात १९ रन देऊन ५ विकेट काढल्या आणि मॅच जिंकली, पण आयुष्यात टेस्ट खेळला तेवढी एकच. रनअप इतका वाकडा की त्याला ‘राउंड द कॉर्नर’ स्मिथ म्हणायचे, पार्क मैदानावर असा बॉलर आला असता तर आख्खी पोरं नक्कल करत बसली असती. त्या दौऱ्यानंतर तो तिकडंच जोहान्सबर्गला राहिला, सोन्याच्या नादानं शेअर दलाली केली, आणि तिथं निमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी चक्क मेला म्हणून सांगून टाकलं होतं.

मग इंग्लंडला परत आला आणि नाटकात शिरला. लंडन, न्यूयॉर्क, वर्षानुवर्षं स्टेज. मूकपट पण केले थोडे. पण आपण ज्याला ओळखतो तो झुपकेदार भुवयांचा, मोठ्या मिशांचा, ताठ कण्याचा कर्नल हॉलिवूडमध्ये तयार झाला तो साठी ओलांडल्यावर. ‘प्रिझनर ऑफ झेंडा’ त्यानं तरुणपणी स्टेजवर केलं होतं, १९३७ च्या सिनेमात तो म्हातारा कर्नल झाप्ट झाला. त्या सिनेमातल्या एका नटानं त्याला रोलबद्दल सल्ला विचारला तर म्हणे तो म्हणाला की राजकन्या सोडून यातले सगळे रोल मी केलेत. ‘रिबेका’मध्ये पण आहे तो, थोडाच वेळ, पण आला की सीनला वजन येतं. मला तर वाटतं हिरो बदलला तरी ते सिनेमे चालले असते, हा म्हातारा काढला तर लई पोकळ वाटले असते.

क्रिकेट काही सुटलं नाही. १९३२ मध्ये त्यानं हॉलिवूड क्रिकेट क्लब काढला, ग्राउंडसाठी गवताचं बी इंग्लंडवरनं मागवलं, आणि आपला फ्रँकेनस्टाइनवाला बोरिस कार्लॉफ तिथं खेळायचा. १९४४ मध्ये ‘सर’ झाला, १९४८ च्या डिसेंबरमध्ये ८५ व्या वर्षी गेला, आणि त्यानं काम केलेला ‘लिटल विमेन’ त्याच्यानंतर १९४९ मध्ये लागला.

अण्णांनी तो टेबलाचा सीन तीनदा लावायला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना बघतो तर त्यांनी ताटात शेंगदाण्यांची रांग लावलेली, शेंगाचटणीची लाल रेघ ओढलेली, मधी कांदा उभा, आणि नातवाला भरदार आवाजात सांगत होते, “हे बघ बाळा, हा कांदा म्हणजे मी.”