लंगडा छंद ओळखताना: स्काझोन आणि आपले गण

ग्रीक छंदशास्त्रात 'स्काझोन' म्हणजे लंगडणारा. इ. स. पूर्व सहाव्या शतकातल्या एफेससच्या हिप्पोनॅक्सच्या नावावर हा छंद जमा आहे. त्याची कविता शिवराळ, बोचरी. नीट चाललेली बारा अक्षरांची ओळ तो शेवटाला मुद्दाम अडखळवतो. व्याख्या एवढीच, पण समोरची ओळ स्काझोन आहे की साधा आयांबिक ट्रायमीटर (म्हणजे तीच बारा अक्षरांची, न अडखळणारी ओळ), हे ती फोडल्याशिवाय कळत नाही. आणि फोडताना देवनागरीची सवय आडवी येते.

नंतरचा ग्रीक कवी कॅलिमाकस याच्या 'आयांब' नावाच्या कवितांची पहिलीच ओळ घ्या. मेलेला हिप्पोनॅक्स परत येऊन 'माझं ऐका' म्हणतोय: 'अकूसथ् हिप्पोनक्तोस, ऊ गर अल्ल् हेको'. मी आधी शब्दांमधल्या जागा पुसतो आणि सुटं व्यंजन पुढच्या स्वराला जोडतो: अ-कू-स-थिप्-पो-नक्-तो-सू-ग-रल्-ले-को. 'हिप्पो'तला, 'हेको'तला ह गेला कुठे? ग्रीकमध्ये तो व्यंजनात धरत नाहीत.

आता लघु-गुरू. जोडाक्षराआधीचं गुरू, हे आपल्यासारखंच. थ, फ, ख यांना ग्रीकमध्ये प्रत्येकी एक अक्षर आहे, आणि ते एकच व्यंजन धरतात. क्स, प्स मात्र एका अक्षरात लिहिले तरी दोन. खरी गफलत ए आणि ओ यांत होते. आपल्याकडे ते कायम गुरू. ग्रीकमध्ये ए आणि ओ यांची दोन-दोन अक्षरं आहेत: ईटा-ओमेगा दीर्घ, एप्सिलोन-ओमिक्रोन ऱ्हस्व. वरच्या ओळीत पाचवं 'पो' ओमेगाचं, म्हणून गुरू. सातवं 'तो' ओमिक्रोनचं, म्हणून लघु. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून खुणा मूळ ग्रीक ओळीवरच कराव्यात, लिप्यंतरावर कधीच नाही. अ, इ, उ यांची लांबी अक्षरावरून कळत नाही. तिथे कोश उघडण्याला पर्याय नाही.

हाती येतं ते असं: लगल गगग लगल गगग. म्हणजे आपल्या तीन-अक्षरी गणांत ज म ज म. साध्या ट्रायमीटरचा शेवट 'र' गणाने (गलग) होतो, इथे 'म' आहे. सगळा फरक अकराव्या अक्षराचा. शिवतांडवाच्या चालीत पहिली दहा अक्षरं म्हणून अकरावं ओढून पाहा, पाय कुठे मुरगळतो ते कानाला कळेल.

बारावं अक्षर लघु असलं तरी गुरू धरतात. रोमन कवी कॅटलसच्या आठव्या कवितेची लॅटिन ओळ 'मिसेर कातुल्ले, देसिनास इनेप्तीरे' अशीच आहे: शेवटचं 'रे' ऱ्हस्व, पण अकरावं 'ती' दीर्घ, आणि निकाल तेच देतं. हिप्पोनॅक्स कधीकधी नववंही गुरू ठेवतो. जुन्या व्याकरणकारांनी अशा ओळीला 'मोडक्या खुब्याची' म्हटलंय.

मोजणी तेरावर गेली तर ओळ लगेच बाद करू नये. हिप्पोनॅक्सच्या आयोनियन ग्रीक बोलीत 'एओ'सारखे दोन स्वर एकाच अक्षरात उच्चारले जातात. आधी ते तपासायचं. तसं नसेल तर एका गुरूच्या जागी दोन लघु आलेत का ते पाहायचं.