काचबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर का बदलतो?

‘ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग नवा चष्मा महिन्याभरात लागेनासा कसा झाला?’ डोळ्यांची मापं घेणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न सतत समोर येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त असते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे अक्षर जरा पुसट झालं तरी जीव धसकतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डोळ्याचा गोल आतल्या पाण्याच्या दाबावर ताठ राहतो. ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत (केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी ती १९६८ साली मांडली) वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, छोटी झडप करून त्या पाण्याला वाट काढून देतात. दाब उतरला की डोळ्याची पुढून मागची लांबी किंचित घटते. गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकांचा डोळा ऑपरेशनआधी २३.६२ मिलिमीटर भरला होता, सहा आठवड्यांनी २३.३१. केसाच्या जाडीच्या तीन-चार पट एवढाच हा फरक, पण चष्म्यात तो जवळजवळ पाऊण नंबर होतो, प्लसच्या बाजूला.

पहिल्या काही आठवड्यांत याच्या उलटही ओढ असते. कॉर्नियामागची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागची, पाण्याची जागा उथळ होते, डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पुढे सरकतं आणि नंबर मायनसकडे झुकतो. शिवाय झडपेचे टाके कॉर्नियाचा बाक बदलतात, त्यातून सिलिंडरचा नंबर येतो, म्हणजे बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्यामुळे लागणारा नंबर. बहुतेकांचा तो तीनेक महिन्यांत बराचसा उतरतो, काहींचा थोडा राहतो. या काळात केलेला चष्मा म्हणजे वाढत्या मुलाला बेतून शिवलेले कपडे.

मला खरी काळजी वाटते ती पुढे मोतीबिंदू काढायची वेळ येते तेव्हाची. आत बसवायच्या भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक यांवरूनच काढतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका काकांच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीची मापं होती. मधल्या काळात त्यांचं काचबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी विचारलं नाही, जुनेच आकडे पुढे दिले. भिंग कमी ताकदीचं निघालं आणि काकांना लांबचं बघायलाही प्लसचा चष्मा लागला. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही, पण ती चूक आजही मला बोचते.

म्हणून मापं द्यायला बसलात की न विचारता सांगा: या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन अमुक साली झालंय. दाब स्थिरावल्यावरच मोजणी करून घ्या, आणि जमलं तर डोळ्याला न टेकणाऱ्या, प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर. दाब कमी असलेला डोळा मऊ असतो. अल्ट्रासाउंडची कांडी जराशी दाबली गेली तरी लांबी आहे त्याहून कमी भरते.

त्या शिक्षिकांना मी जुन्याच चष्म्यावर थांबायला सांगितलं होतं. थांबणं त्यांना जड गेलं. वाचन हाच त्यांचा दिवस होता, आणि तेवढे दिवस नात त्यांना पेपर वाचून दाखवत होती. तिसऱ्या महिन्यात सिलिंडर पावणेदोनवरून पाऊणवर आला. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासला, तेवढाच भरला. तेव्हा चष्मा लिहून दिला.