तुम्ही विचारलंत म्हणून: पाचगणी-महाबळेश्वर, सायकलने आणि पायी

पाचगणी-महाबळेश्वर सायकलने जमेल का, आणि सायकल नेली तर पायी फिरायला काही उरतं का, हे दोन प्रश्न बहुतेक जोडीनेच येतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट असतो. घाट जमतो. बिघडतं ते गिअर न बघता निघाल्यामुळे, उतारावर ब्रेक दाबून धरल्यामुळे, आणि वर पोचल्यावर सायकल घेऊन गाडीवाल्यांसारखे पॉइंट गोळा करत हिंडल्यामुळे.

आधी घाटाचं गणित. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. अंतर १२-१३ कि.मी. म्हणजे सरासरी चढ साडेचार-पाच टक्के, आणि तो बराचसा एकसारखा. दम काढणाऱ्या भिंती फारशा नाहीत. पुढची लहान चेनरिंग (पायडलजवळची दात्यांची चकती) ३४ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी चकतीही ३४ ची असेल, तर मिनिटाला ६० पायडल मारत ताशी साडेसात-आठ कि.मी.च्या वेगाने माणूस दीड-पावणेदोन तासांत वर येतो. एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, असेल तर आणखी हलकं जातं. बिनगिअरच्या सायकलवर मात्र पुढे ४४, मागे १८ असं काहीतरी असतं. त्याच वेगाला तिथे मिनिटाला जेमतेम २५-२६ पायडल बसतात आणि प्रत्येक पायडलला गुडघा सगळं वजन उचलतो. तिच्यावरूनही लोक चढतात, पण दुसऱ्या दिवशी चालायचं असेल तर तो हट्ट करू नये.

निघायच्या आदल्या दिवशी सायकल उलटी करून सगळ्यात हलका गिअर टाकून बघा. साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर बसमध्ये किंवा टेम्पोत चढवताना वाकलेला असतो आणि सपाटीवर ते कळत नाही, कारण सपाटीवर तो गिअर कुणी टाकतच नाही. घाटाच्या पहिल्या वळणावर टाकला की साखळी मोठ्या चकतीवरून उडून आऱ्यांमध्ये अडकते. डिरेलरवरचा ‘L’ खुणेचा स्क्रू पाव-अर्धा फेरा आत घेतला तर साखळी आत पडायची थांबते. हँगरच वाकला असेल तर तो सरळ करावा लागतो, आणि ते काम वाईतच उरकलेलं बरं. व्हॉल्व्हचंही तसंच. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसतो. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात हवा. तो नसेल तर दुकान समोर असून उपयोग नाही. दोन ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर, सोल्यूशन-पॅच आणि हातपंप, एवढं बास. टायर ३२ मि.मी. किंवा त्याहून रुंद घ्या, कारण गावांकडच्या फाट्यांवर जांभ्याची खडी असते आणि तिची धार वाईट.

वाईतून सहा-साडेसहाला निघावं. पाणी दीड लिटर, खायला राजगिऱ्याचे लाडू किंवा खजूर. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात. घाटात डावी बाजू सोडायची नाही, पण अगदी कडेच्या मातीतही उतरायचं नाही. मागून हॉर्न वाजला की घाबरून कडेला जाणारा सायकलवाला तिथेच घसरतो.

आता मुक्काम. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यात १९-२० कि.मी. चा रस्ता आहे आणि त्याच्या आजूबाजूला भोसे, भिलार, आवकाळी, मेटगुताड, गुरेघर अशी गावं. राहायचं ते यातल्या एखाद्या गावात. आमचं मत भिलारच्या बाजूने आहे. पाचगणीपासून पाच-सहा कि.मी., दोन्हीकडे जायला सोयीचं, घरगुती राहण्याची सोय मिळते, आणि ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. सुरुवातीला २५ ठिकाणी, बहुतांशी लोकांच्या घरांत, सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली गेली. एकेका घरात एकेक वाङ्मयप्रकार. पाय दुखत असतील त्या दुपारी यापेक्षा चांगली जागा नाही. गावातून पायी फिरताना स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून आडवं जायचं नाही. प्लॅस्टिकच्या मल्चिंगवर पाय पडला की कागद फाटतो, त्यातून तण वर येतं आणि फळ मातीला टेकून कुजतं. बांधावरून जा, समोर कुणी असेल तर ‘मावशी, इथनं जाऊ का?’ एवढं विचारा.

पायी फिरायचं असेल तर या डोंगराची घडण डोक्यात ठेवावी. माथ्यावर जांभ्याचं टोपण आहे, खाली काळा बेसॉल्ट. जांभा सच्छिद्र, तो पावसाचं पाणी पितो. बेसॉल्टपाशी ते पाणी अडतं आणि कड्याच्या खाली झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून बऱ्याच वाड्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, सापडत नाहीत. त्या कड्याखालच्या पदरात, म्हणजे मधल्या सपाट टप्प्यावर, पाण्याच्या रेषेला धरून बसलेल्या असतात, आणि एका वाडीतून दुसरीकडे जाणाऱ्या वाटाही त्याच पातळीने आडव्या जातात. वाट सारखी चढायला किंवा उतरायला लागली तर ती बहुधा पाणवठ्याची, लाकडाची नाहीतर ढोरवाट असते. ढोरवाटांनीच माणसं जास्त चुकतात: ठळक दिसतात, तीन-चार फाटे फोडतात आणि कारवीच्या झुडपांत संपतात. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, तेव्हा तर खरी वाटही झाकलेली असते. डिसेंबरनंतर गवत वाळून बसतं आणि वाटा उघड्या पडतात.

पहिल्या दिवशी टेबललँड. पाचगणीतून पायीच चढा, सायकल खाली ठेवा. सड्यावर सायकल चालवता येते म्हणून चालवणं आम्हाला मान्य नाही. पातळ मातीवर चाकाची रेघ उमटली की पुढच्या पावसात तिथूनच ओघळ फुटतो. आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार वगैरे जे ऐकवलं जातं ते सोडून द्या. घोड्यांची गर्दी मागे टाकून कडेकडेने टोकापर्यंत चाला, कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. दुसऱ्या दिवशी खिंगरमार्गे राजपुरी: पाचगणीहून सहा-सात कि.मी. सायकल, मग पायऱ्या उतरून कार्तिकेयाच्या गुहा. रस्ता लहान, गाड्या कमी, चढउतार मात्र सतत. महाबळेश्वरच्या बाजूला केट्स पॉइंटचा फाटा असाच, सकाळी आठच्या आत गेलात तर.

तिसरा दिवस लांबचा आणि सगळ्यात सुंदर. महाबळेश्वर गावातून क्षेत्र महाबळेश्वर (जुन्या देवळांचं गाव) सहा-एक कि.मी., तिथून आर्थर सीट पॉइंट जवळपास तेवढाच. हिरडा, जांभूळ, अंजनीच्या दाट सावलीतला रस्ता, जोर नाही, घाई नाही. पंचगंगेच्या देवळापाशी थांबाच, पण कृष्णाबाईचं जुनं देऊळही चुकवू नका. ते पायी थोडक्या अंतरावर आहे आणि तिथे गर्दी नसते. सायकल ठेवायला देवळाजवळच्या दुकानदाराला विचारा, ‘दादा, तासाभराने येतो’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. कुलूप तरीही लावा. हँडलला पिशवी लटकवून जाऊ नका, माकडं पाच मिनिटांत फाडतात. कृष्णेच्या खोऱ्यातल्या जोर गावाकडे उतरणाऱ्या जुन्या वाटा याच बाजूला आहेत. त्या गावचा माणूस सोबत असल्याशिवाय करू नयेत: जंगल दाट, गव्यांचा वावर आणि फोनला रेंज नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. क्लीट (पायडलला अडकणारी तळाची पट्टी) लावलेले सायकलचे बूट जांभ्यावर घसरतात, त्यामुळे पायी वाटांसाठी खाचांच्या तळव्याचे वेगळे बूट हवेतच. सामानात तेवढं वजन वाढू द्या.

आता उतार. ब्रेक सतत हलके दाबून धरले की रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पकड जाते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवायचा, मग पूर्ण सोडायचे. वळणात ब्रेक नाही. वजन मागे, वळणाच्या आतला पायडल वर. भाड्याची सायकल असेल तर कोणता ब्रेक-लिव्हर पुढच्या चाकाचा ते आधी बघा, सगळ्या सायकलींवर सारखा नसतो. पॅडचा थर १ मि.मी. पेक्षा कमी उरला असेल तर घाट उतरायचाच नाही. थंडीत पहाटे वेण्णा तलावाच्या भागात हिमकण पडतात, बोटं आखडतात आणि ब्रेक दाबलाच जात नाही, हातमोजे त्यासाठी.

परतीला पुन्हा पसरणीच उतरायची सक्ती नाही. महाबळेश्वरहून तापोळा २५ कि.मी. च्या पुढे, जवळजवळ सगळा उतार, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठापर्यंत सुमारे ७०० मीटर खाली. तिथून लाँचने बामणोली. सायकल घेणार का, किती पैसे, हे बसायच्या आधी ठरवा, आणि हँडल आडवं करून बांधा. बामणोलीहून कासकडे पुन्हा मोठा चढ आहे. तापोळ्याच्या उतारावर मजा केलेल्यांना तो जड जातो, म्हणून जेवण बामणोलीत आटपून उन्हं कलली की निघू नये, सकाळीच निघावं. कास ओलांडलं की साताऱ्यापर्यंत बहुतेक उतार. फुलांच्या हंगामात कासला आगाऊ नोंदणी लागते.

प्रतापगड मात्र याच फेरीत कोंबू नका. आंबेनळी घाटाने वाडा-कुंभरोशीपर्यंत उतरायचं आणि तेच सगळं परत चढायचं, असा तो पूर्ण दिवस आहे. परतीला सायकल नेणारी पिकअप गाडी ठरवलीत तर गडावर चालायला पाय उरतील.

पावसाळ्याबद्दल विचारणाऱ्यांना आम्ही सरळ नको म्हणतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मि.मी.च्या वर पाऊस होतो, २० कि.मी. पूर्वेला पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे वाईत कोरडं दिसलं म्हणून निघालेला माणूस वेण्णापाशी धुक्यात सापडतो, आणि मागचा लाल दिवा नसेल तर गाडीवाल्याला तो दिसतच नाही. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मि.मी. पाऊस झाला आणि आंबेनळी घाट खचला. शिवाय जळवा, आणि जांभ्यावरचं शेवाळ. जायचंच असेल तर पाचगणीपर्यंत या, रोज संध्याकाळी साखळी पुसून तेल द्या. लाल चिखल साखळीत राहिला तर चकत्या झिजवतो.

जायचं ते नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, नाताळचा आठवडा सोडून, शक्यतो सोमवार ते गुरुवार. चार मुक्काम धरा. तीनच मिळत असतील तर तापोळा सोडा, राजपुरी सोडू नका.